झुमक्यावरचा ठसा

‘जोर लावू नका, आई. आधी नुसती मुठीत धरून बसा. हाताची ऊब लागली, की ती आपली आपण मऊ होते.’

मंडळी, ऐका! एक सून आपल्या सासूला हे सांगते आहे. — हसू नका हो! सून सासूला ‘जोर लावू नका’ म्हणाली, एवढ्यावरच मागच्या रांगेतल्या बायकांना आपापल्या घरचं काहीतरी आठवलेलं दिसतंय! कणकेचं नाही बोलत ती. मातीचं बोलते आहे. कसली माती, कुठली सून, सगळं सांगते. पण आधी एक प्रश्न तुमच्यापुढं ठेवते. आज उपास आहे, आवाज बारीक आहे माझा, तेव्हा जरा पुढं सरकून ऐका.

आपलं माणूस गेलं, तर त्याची वस्तू जपावी की त्याचा शब्द जपावा?

सोपं वाटतं ना? दोन्ही जपावं, म्हणाल. मीही तेच म्हणाले असते. पण वस्तू ठेवली तर शब्द जातो, आणि शब्द पाळला तर वस्तू जाते — असा पेच पडला, तर? तर काय करायचं? गप्प झालात! बरं झालं. आता नीट ऐकाल.

मिरजेत एक घर. घरात माणसं तीन. अनसूयाबाई, वय सत्तरीकडं झुकलेलं, पती केव्हाच गेलेले. सोवळं कडक, जीभ त्याहून कडक. मुलगा श्रीधर, मितभाषी. आणि सून केतकी, शाळेत गणित शिकवणारी.

या केतकीला नाद होता. पॉलिमर क्ले नावाची एक माती मिळते. माती म्हणायची, पण ती ना शेतातली ना नदीकाठची! साबणाच्या वडीसारखी कागदात गुंडाळून येते, नाना रंगांची. हातात मळायची, लाटणीनं लाटायची, सुईनं पाकळ्यांच्या शिरा काढायच्या. कानातली करा, हार करा, भिंतीवर लावायला चित्रं करा. आणि मग छोट्या ओव्हनमध्ये मंद भाजायची, की कडक! भाजेपर्यंत मात्र मऊच. महिना जाऊ द्या, वर्ष जाऊ द्या, वाळत नाही ती. हे लक्षात ठेवा बरं का.

अनसूयाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, ‘हे प्लास्टिक माझ्या स्वयंपाकघरात भाजायचं नाही!’

केतकी हसली. ‘नाहीच भाजायचं, आई. या ओव्हनमध्ये खायचं काही करतच नाहीत.’ आणि तिनं आपला सगळा संसार गॅलरीत थाटला.

शेजारणी म्हणायच्या, ‘विकायला का काढत नाहीस गं?’ तर म्हणे, ‘विकायला काढलं की घाई येते. मला एक तरी काम बिनघाईचं हवंय.’

आता गंमत ऐका. एकदा तिनं अबोलीची वेणी केली. मातीची! आणि ठेवली गॅलरीत टेबलावर. अनसूयाबाईंनी पाहिलं. ‘बघा, फुलं उघड्यावर टाकून गेली शाळेत!’ त्यांनी वेणीवर पाणी शिंपडलं, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी पूजेत देवीला वाहिली. संध्याकाळ झाली, वेणी टवटवीत. दुसरा दिवस, टवटवीत!

‘केतकी, कुठल्या बागेतली गं ही अबोली? कोमेजायचं नावच घेत नाही!’

केतकी हसून हसून खाली बसली. अनसूयाबाई संतापल्या. ‘देवीला प्लास्टिक वाहायला लावलंस मला!’

‘देवी काही बोलली का, आई?’

‘ती काय बोलणार!’

‘मग आवडलं असेल हो तिला.’

पुढच्या आठवड्यात सासूबाई गॅलरीत जाऊन बसल्या. ‘दे बघू इकडं. मोदकाच्या कळ्या पाडणारा हात आहे माझा. तुझ्या मातीचं काय एवढं!’ आणि लागल्या की दणादण मळायला! तेव्हा केतकी म्हणाली, जे मी आरंभी सांगितलं. जोर लावू नका, आई.

असं त्या दोघींचं जमलं. रोज संध्याकाळी देवापुढं दिवा लागला, की दोघी गॅलरीत. अनसूयाबाई विचारायच्या, ‘भाजून झाल्यावर आणखी कशाला घासत बसतेस?’

‘बोटांचे ठसे जायला. कच्च्या मातीवर प्रत्येक स्पर्श उमटतो, आई. पाण्यात बुडवून बारीक पॉलिश पेपरनं घासलं, की जातो. ठसा राहिला तर काम अर्धवट म्हणतात आमच्यात.’

मंडळी, आता पेटीवाले काकांनी सूर जरा खाली घ्यावा.

केतकी आजारी पडली. कुठला आजार, नाव घेत नाही. तुमच्यातल्या पुष्कळ घरांना ते नाव ठाऊक आहे. केस गेले. दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथं शेजारच्या खाटेवर एक मुलगी यायची. नाझनीन. कुपवाडची, कॉलेजात जाणारी, तोच आजार. टोपी खाली ओढून भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. कानातलं धातूचं, ते घातलं की पुरळ उठायचं, म्हणून कानही बोडके. तिची आई जैनबबी म्हणायची, ‘आरशावर कापड टाकलंय बघा हिनं घरात.’

केतकीनं तिला हाक मारली. ‘ए नाझनीन, झुमके आवडतात का गं?’

भिंतीकडूनच उत्तर आलं, ‘आवडून काय करू?’

‘मी करते तुझ्यासाठी. मोठ्ठे! लाल. पण पिसासारखे हलके. तारसुद्धा धातूची नाही, तुला चालेल अशी नायलॉनची. आरशावरचं कापड काढणार असशील तर करते.’

मुलगी वळली. पहिल्यांदा वळली हो ती! ‘खरंच करणार?’

‘खरंच.’

घरी आल्यावर केतकी कामाला लागली. पूर्वी बोट टेकायचं न टेकायचं असा हात, आता बोट स्थिर ठेवायला दाबावं लागायचं. लिंबाच्या फोडीएवढ्या दोन लाल टोपल्या झाल्या, कडेला बारीक मणी, वर तारेची कडी. दोन्हींवर तिच्या अंगठ्याचा ठसा खोल उमटलेला. भाजायची ताकद राहिली नव्हती. तिनं सासूला जवळ बोलावलं.

‘आई, हे तेवढं भाजा. आणि घासून अगदी गुळगुळीत करा. त्या पोरीची कातडी फार नाजूक झालीय, मानेला खरखर लागता कामा नये. मग नेऊन द्या तिला. द्याल ना?’

‘देते गं. तू बोलू नकोस आता.’

‘द्याल ना?’

‘देते. शब्द देते.’

आणि केतकी गेली.

(इथं मी थांबते, मंडळी. तुम्हीही थांबा.)

दिवस झाले. पाहुणे गेले. अनसूयाबाईंनी तो डबा उघडला. दोन झुमके. लाल, मऊ. आणि त्यांवर तो अंगठा! केतकीचा! रेघ न् रेघ! फोटो असतात हो घरात, पण फोटोला हात लावला तर काच लागते. इथं तिनं दाबलेलं जसंच्या तसं!

आता घासायचं? हे घासायचं?

त्यांनी झाकण लावलं आणि डबा देव्हाऱ्यात ठेवला. रोज पूजा झाली, की डबा उघडायचा. झुमक्याला कुंकू लावायचं. मग डाव्या बाजूचा झुमका तळहातावर घ्यायचा आणि त्या ठशावर आपला अंगठा अलगद टेकवायचा. जणू सुनेच्या अंगठ्याला अंगठा लागतो. तेवढ्यावर त्यांचा दिवस जायचा.

चूक होती का? सांगा! तुम्ही दाराआड कुणाचा शर्ट जपून ठेवला नाहीत? कुणाची काठी? मी बोट दाखवत नाही हो कुणाकडं.

फोन आला. जैनबबी. ‘मावशी, पोरगी झुमक्यांचं इचारतीया.’

‘अजून व्हायचेत गं.’ अनसूयाबाई म्हणाल्या. देव्हाऱ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या! उभ्या आयुष्यात एकादशी चुकवली नाही त्या बाईनं. आणि जिभेवर खोटं आलं, तेही किती सहज!

पुन्हा फोन. पुन्हा ‘व्हायचेत’.

हाती धरिले त्याला माझे म्हणू किती,
उघडेना मूठ, देवा, जड झाली प्रीती!

म्हणा माझ्याबरोबर. हळू म्हणा, ओरडायचं पद नाही हे.

एक दिवस काय झालं, कुंकू जरा जास्त पडलं. अनसूयाबाईंनी झुमका खिडकीशी उजेडात नेला, फुंकर मारली. वरचं कुंकू उडालं, रेघांमध्ये बसलेलं राहिलं. ठसा असा लख्ख दिसला, जसा शाई लावून उठवावा. आणि त्या ठशाच्या मधोमध एक तिरकी रेघ!

तिरकी रेघ? केतकीच्या अंगठ्याला कुठून आली?

त्यांनी आपला अंगठा वळवून पाहिला. विळीवर कापलेल्या जखमेचा जुना व्रण. तिरका.

मंडळी, कळलं का? माती कच्ची होती! कच्ची माती प्रत्येक स्पर्श घेते! रोज अंगठा टेकवून टेकवून त्यांनी सुनेचा ठसा आपल्याच हातानं मिटवला होता. ज्याची पूजा चालली होती, तो त्यांचा स्वतःचा अंगठा होता! अहो, कुणी नेला नाही, कुणी चोरला नाही. कुरवाळता कुरवाळता गेला!

बाई तिथंच खिडकीशी बसल्या. रडूसुद्धा येईना.

बऱ्याच वेळानं उठल्या. दुसरा झुमका काढला. त्याला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं, केवळ कुंकवाचा ठिपका काडीनं ठेवायच्या. त्यावर केतकी होती. अजून होती.

आणि फोन वाजला. नाही — या वेळी अनसूयाबाईंनीच लावला. ‘जैनब, झुमके —’

‘ऱ्हाऊ द्या मावशी.’ तिकडून आवाज आला. रागाचा नव्हे हो, दमलेला. ‘तुमच्यावर काय कमी परसंग आलाय? आन पोरगी आता इचारतबी न्हाई.’

‘विचारत नाही?’

‘इचारायची थांबली. भितीकडं तोंड करून असती. डाक्टर म्हनत्यात, घरीच ठेवा.’

झुमके मागणाऱ्या मुलीला खोटं सांगता येतं, मंडळी. पण मागायचं थांबलेल्या मुलीला काय सांगणार?

अनसूयाबाईंनी गॅलरीचं दार उघडलं. ओव्हनवर धूळ बसली होती. बटणावर केतकीनं नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, कुठवर फिरवायचं त्याचा. त्या ठिपक्याशी काटा जुळवला, झुमके आत ठेवले आणि स्टूल ओढून समोर बसल्या. जळका वास आला तर तत्क्षणी काढायचे, एवढं त्यांना ठाऊक होतं. हलल्या नाहीत.

भाजून निघाले. निवले. टणक झाले. आणि खरी परीक्षा आता आली! कारण आता तो ठसा पक्का झाला होता. आता हजार वेळा अंगठा टेकवला असता तरी तो पुसणार नव्हता. आयुष्यभर राहिला असता. पुढच्या पिढीला दाखवता आला असता!

परातीत पाणी घेतलं, पॉलिश पेपर घेतला. पहिला झुमका झटकन झाला. स्वतःचाच ठसा, त्याचं काय एवढं! दुसरा हातात घेतला आणि हात चालेना.

मागं श्रीधर येऊन उभा होता. केव्हा आला कोण जाणे. त्यानं झुमका पाहिला. ठसा पाहिला. ओळखला. नवरा होता तो तिचा.

‘आई, हा एक ठेवूया ना.’

‘एकाच कानात घालेल का रे ती?’

‘मग तसाच दे. नको घासूस. कुणाच्या लक्षात येणार आहे?’

मंडळी, तुम्ही काय म्हणाला असता? मी तर म्हणाले असते, बरोबर बोलतोय पोरगा!

अनसूयाबाईंनी तो झुमका त्याच्या मानेला लावला आणि जरासा ओढला. ‘लागतं?’

‘थोडं खरखरतं.’

‘तुला थोडं. तिला किती लागेल?’

श्रीधरनं अंगठा त्या ठशावर ठेवला, डोळे मिटले. मग झुमका आईच्या ओल्या हातात दिला आणि परात घट्ट धरून बसला, हलू नये म्हणून.

त्या घासत राहिल्या. रेघा उथळ झाल्या. मग कडेच्या गेल्या. मग मधला भोवरा गेला. पाणी लालसर झालं. झुमका असा गुळगुळीत झाला, की गालावर फिरवला तरी कळू नये. कुणी केला, काही खूण उरली नाही.

आता मला सांगा, केतकी गेली कधी? ज्या दिवशी श्वास थांबला तेव्हा? ठसा घासला तेव्हा? की अनसूयाबाई ‘अजून व्हायचेत’ म्हणाल्या, तेव्हा?

घरी जाल, तेव्हा आपल्या कपाटापुढं जरा उभ्या राहा. तुम्हीही उभे राहा हो, पुरुषमंडळी! फेकून द्या म्हणत नाही मी काही. इतकी कठोर नाही मी. एवढंच विचारा स्वतःला: ज्याची वस्तू मी इतकी उराशी धरली आहे, त्यानं जाताना मला काही सांगितलं होतं का? आणि ते न केल्यामुळं कुणीतरी भिंतीकडं तोंड करून वाट बघायचं थांबलं आहे का? उत्तर मला देऊ नका. ज्यानं तुम्हाला हात दिले, त्याला द्या.

त्या मुलीनं झुमके घातले का, आरशावरचं कापड काढलं का, ते विचाराल तर मला ठाऊक नाही. गोड शेवट करायचा म्हणून काहीतरी सांगणं मला जमायचं नाही.

एवढं ठाऊक आहे. दुपारची वेळ होती. अनसूयाबाईंनी झुमके कापसात गुंडाळले, डबीत ठेवले. श्रीधर म्हणाला, ‘मी सोडतो गाडीवरून.’ त्या म्हणाल्या, ‘नको. तू थोडा पड.’ पदर खांद्यावरून घेतला, चपला घातल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि डबी दोन्ही हातांत धरून त्या कुपवाडच्या बसच्या दिशेनं सावकाश चालू लागल्या.