पूर्वेकडचं कोपर

— नाही, मान मागं टाकू नकोस, रक्त घशात उतरतं. पुढं वाक. असं. बर्फ मी धरतो — आमच्या बफेलो संघात रीतच आहे, सरावात ज्यानं पाडलं त्यानंच रक्त थांबेपर्यंत बर्फ धरायचा, आणि तोवर दोघांनीही कोर्टावर पाय टाकायचा नाही. तिकडं पश्चिमेत, तुमच्या फीनिक्स संघात नव्हती? असणार कशी, तिथं पाडतं कोण कुणाला.

नाक मोडलेलं नाही रे. मोडल्याचा आवाज मला कळतो. पण तूही काय बोललास — आल्या आल्या, पहिल्याच सरावाला, सगळ्यांसमोर — लीगचा पूर्व विभाग म्हणजे म्हाताऱ्यांना पेन्शन! मग हा लमॉन्ट, म्हणजे मी, गप्प बसतो होय? तू उडी मारलीस, मी कोपर वर केलं, संपलं. तुमच्याकडं पळायचं आणि लांबून चेंडू टाकायचा. इथं बास्केटखाली घुसायचं तर बरगड्या घरी ठेवून यायचं. एका धटिंगणानं माझे दात पाडले, मी ते मोज्यात खोचले नि खेळत राहिलो — पुढच्याच चेंडूला त्याला असा आपटला की स्ट्रेचर आणावं लागलं. छान वाटलं. खोटं कशाला बोलू?

आता ताकदीचं म्हणशील तर — ठाऊक आहे मला, अक्कल गहाण नाही टाकलेली. समोरासमोर गाठ पडली की तुमचेच संघ जास्त जिंकतात. गेल्या वर्षी आम्ही जिंकलो कमी, हरलो जास्त, आणि तरी बाद फेरीत — दोन्ही विभागांतून सारखेच संघ घेतात ना. तुमच्याकडं आमच्याहून कितीतरी जास्त जिंकलेले घरी बसून टीव्हीवर आम्हाला बघत होते. वासरांत लंगडी गाय शहाणी, म्हण खुशाल. ती गाय मीच. हा गुडघा — नको, वर बघू नकोस, खालीच बघ — हा गुडघा घेऊन पश्चिमेत मला कुणी पाणी द्यायलासुद्धा ठेवलं नसतं. इथं चालतंय. चालत होतं. मग तुला आणलं. माझीच जागा, माझ्याच शेजारचं कपाट. आणि उडी तरी कसली मारलीस, माझ्या डोक्यावरून गेला असतास रे — ते पेन्शनबिन्शन नंतरचं, कोपर त्या उडीसाठी होतं.

वळवळू नकोस. कुठं निघालास? बाहेर कोच शुक्रवारच्या सामन्याचे पाच जण निवडतोय, ते होऊ दे. माझ्या-तुझ्या जागेवरचे दोघंही बर्फापाशी असले की तो डोळे झाकून जुन्यालाच घेतो, सवय आहे त्याची. मानेवरचा हात? माझाच आहे. दुखतंय? दुखू दे. मला भीती वाटते रे, तुला काय कळणार, तू बावीस वर्षांचा —

ऐकलंस? वाजली शिट्टी. झाली निवड.

ऊठ आता, जा. टॉवेल कशाला बघतोस? कोरडाच आहे तो. रक्त मघाशीच थांबलंय.