साचा कॅन्टीनमध्ये

स्टुटगार्टजवळच्या आमच्या कारखान्यात जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे युनियनचा वेन्डेलिन उभा होता. तेवढ्यात फोरमन गुद्रुन फोन नाचवत आली.

"वेन्डेलिन, तो मोठा साचा कुठाय? अख्खी प्रॉडक्शन लाइन खोळंबलीय."

"मला काय विचारतेस? साच्याला वायरलेस बिल्ला लावलाय ना? फोनवर बघ की."

"बघितलं. साचा कॅन्टीनमध्ये दिसतोय."

"दोन टनांचा साचा? घ्या! तुमची यंत्रणाच बिनडोक."

"सकाळपासून तीनदा सिगारेटच्या कोपऱ्यातही जाऊन आलाय."

"काहीतरीच!"

"सकाळी साचा धुवायला नेला, तेव्हा बिल्ला कुणी काढला?"

"मीच. नियमच आहे, पाण्याने खराब होतो तो."

"मग ठेवलास कुठे?"

"खिशात... हे बघ गुद्रुन, माणसांवर पाळत ठेवायची नाही, वस्तूंवरच ठेवायची, असं युनियनने तुमच्याकडून लिहून घेतलंय. मी स्वतः भांडलोय त्यासाठी!"

"म्हणून तर तुला एक शब्द बोलत नाहीये. साच्यालाच सांगते: बाबा रे, जेवण झालं की थेट कामावर ये. आणि सिगारेटी जरा कमी कर."