अर्जंटचा कोणता पाय?

...आणि वर मलाच विचारतात, कोणता पाय! अहो, कुत्र्याला पाय चार, चारही एका रंगाचे, चारही एका वेळी हलतात, आणि मी काय जन्मभर कुत्र्यांच्या पायांवर नजर ठेवून होतो? कारकून होतो मी. पाय म्हटले की मला फक्त साहेबांचे ठाऊक, तेही धरण्यापुरते!

तुम्हाला सांगतो, हे पिल्लू मुळात सुनेनं आणलं. नाव ठेवलं होतं कुठल्याशा परदेशी अत्तरासारखं, उच्चारताना माझी कवळी सुटायची. मी आपलं त्याला अर्जंट म्हणायला लागलो. कारण आल्या दिवसापासून याचं प्रत्येक काम तातडीचं. जेवण तातडीचं, बाहेर जाणं तातडीचं, आणि बाहेर न्यायला उशीर झाला तर... तेही तातडीचं! बघता बघता सगळं घर त्याला अर्जंट म्हणायला लागलं, सूनसुद्धा. आणि इतकी वर्षं नोकरीत घालवून सांगतो, अर्जंट म्हणून आलेली एखादी गोष्ट खरोखर धावताना मी पहिल्यांदाच पाहिली.

आता एक खरं सांगू का? जरा हळू बोलतो, ही आत आहे. नोकरीत मी जन्मभर उठलो. साहेब आले की उठायचं, साहेब निघाले की उठायचं, साहेबांचा नुसता फोन आला तरी अर्धवट उठायचं. पण मी उठलो म्हणून कुणी उठलंय, असं कधी झालं नाही. ऑफिसात नाही, घरात तर नाहीच नाही. आणि हे पिल्लू! मी खुर्चीतून उठलो की हे उठतं. मी पाणी प्यायला निघालो की हे निघतं. मी न्हाणीघरात गेलो की दाराबाहेर राखण करतं. उठावं की नको असा मी नुसता विचार केला तरी याचा एक कान उठतो! या वयात माणसाला आणखी काय हवं असतं हो?

तर लस. ती टोचायला याला मी नेलं. ही म्हणत होती, "अहो, रविवारी सगळे मिळून जाऊ." मी म्हटलं, त्यात काय एवढं, नेतो आणि आणतो! गेलो. डॉक्टरीणबाईंनी मानेवरची कातडी चिमटीत धरली, टुच् टुच्, दोन सुया. अर्जंटला पत्ताच नाही, उलट बाईंचा कान चाटला त्यानं. "आज जरा मरगळेल, झोपू द्या," म्हणाल्या. घरी आणलं, झोपू दिलं, आणि संध्याकाळी हे उठलं ते... लंगडत!

म्हणजे बघा, सुई मानेत आणि लंगडतो पाय. अर्ज एका खात्याला, उत्तर भलत्याच खात्याकडून! ऑफिसात हे रोज पाहिलं होतं, पण कुत्र्याच्या आतही तोच कारभार असेल असं वाटलं नव्हतं.

ही हातातलं काम टाकून बाहेर. "काय करून आणलंत हो त्याला?" घ्या! टोचलं बाईंनी, करून आणलं मी. आणि अर्जंट जो सोफ्याखाली शिरला तो शिरलाच. मी उठलो. तो उठला नाही. मी बसलो, पुन्हा उठलो, खुर्ची मुद्दाम वाजवली. तो नुसता बघत राहिला. विश्वासानं कोऱ्या कागदावर सही द्यावी आणि वरचा मजकूर मागाहून कळावा, तसा!

दवाखान्यात फोन लावला. पलीकडे एक मुलगी. "कोणता पाय?" मी म्हटलं, थांबा, विचारून सांगतो. ही म्हणते, "मागचा डावा." सून म्हणते, "नाही हो बाबा, पुढचा उजवा, मी नीट पाहिलंय." मी म्हटलं, आधी हे ठरवा, डावा म्हणजे कुत्र्याचा डावा की बघणाऱ्याचा? कारण कुत्रा समोरून येत असेल तर... "अहो, डावा म्हणजे डावा! तुमच्यासारखा नाही तो, समोरून वेगळा नि मागून वेगळा!" तिकडे फोनवरची मुलगी सुस्कारे सोडतेय. "काका, जेवतोय का तो?" जेवतोय. "ताप? सूज?" काही नाही. "मग लशीनंतर अंग दुखत असेल. एखाददोन दिवस वाट बघा. पण नेहमी तोच पाय उचलतो का, तेवढं बघून ठेवा. नाही थांबलं तर घेऊन या."

बघून ठेवा! अहो, ज्या घरात टीव्हीचा रिमोट शेवटी कुणाच्या हातात होता यावर एकमत होत नाही, त्या घरात चार हलत्या पायांतला एक बघून ठेवायचा?... पण म्हटलं, आपण नोकरी काय झोपेत केली? बरीचशी केली, ते सोडा. पण आमच्याकडे एक पद्धत होती. ढिगातली एखादी फाईल चटकन सापडायला हवी असेल तर तिला रंगीत फीत बांधून ठेवायची. मग साहेब असोत की शिपाई, हात बरोबर तिथेच जायचा. निवृत्त होताना लोक आठवण म्हणून फोटो आणतात, मी फितीचं रीळ आणलं होतं. ते काढलं, हिच्या शब्दाला मान दिला, आणि मागच्या डाव्या पायाला फीत बांधली. कुत्र्याच्या डाव्या. गाठ अशी की ऑडिट येऊन गेलं तरी सुटायची नाही!

सकाळी पाहतो तर काय... अर्जंट लंगडतोय, आणि अगदी स्वच्छ, मागचा डावा! पाय वर धरतो, झटकतो, पुन्हा वर धरतो. ही दारात, कमरेवर हात. "मी म्हटलं नव्हतं?" मलाही जरा बरं वाटलं. दुखणं तर दुखणं, पण निदान त्याचा पत्ता लागला!

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे मास्तर उतरले. पूर्वी भूगोल शिकवायचे, निवृत्त झाल्यापासून सगळंच शिकवतात. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून म्हणाले, "हं... चालवा." चालवला. "चुकताय तुम्ही. मूळ दुखणं पुढच्या उजव्यात आहे. मागचा डावा त्याला नुसती साथ देतोय. तिरपा तोल, तिरपा तोल!" सुनेनं टाळीच वाजवली. "मी म्हटलं नव्हतं, बाबा?" आता तुम्हीच सांगा, बायकोच्या शब्दाला मान दिल्यावर सुनेच्या शब्दाला नको? सोडली फीत, बांधली पुढच्या उजव्याला.

आणि काय सांगू तुम्हाला... दुपारी पुढचा उजवा लंगडतोय! मागचा ठणठणीत! मास्तर म्हणाले, "पटलं?" पटलं हो, पण सकाळचं दुखणं दुपारी दुसऱ्या पायात? म्हणजे हे फिरतंय! मास्तरांनी मान डोलावली. "आता सगळा भार पुढच्या डाव्यावर येणार. त्याच्यावर लक्ष ठेवा." लक्ष ठेवायचं म्हणजे खूण नको? फीत तिकडे बांधली. आणि दिवे लागायच्या आत तोही गेला हो! तीन पाय गेले, उरला एक!

आणि तुम्हाला सांगतो, ही टोमणे मारायची थांबली. आमच्या घरात याहून वाईट लक्षण नाही! सोफ्यापाशी जमिनीवर बसून तळहातावर दूधभात घेऊन त्याला चुचकारत होती. माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाली, "एकटेच कशाला गेलात हो?" मी उठलो... तो उठला नाही. दूधभात मात्र खाल्ला, हिच्या हातचा.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही दारात. मी, ही, आणि हिच्या कडेवर अर्जंट. आत गेलो, बाईंचा पहिला प्रश्न, "कोणता पाय?"

या वेळी मी तयार होतो! म्हटलं, काल सकाळी मागचा डावा, दुपारी पुढचा उजवा, संध्याकाळपासून पुढचा डावा. मागच्या उजव्याला अद्याप बाधा नाही!

बाईंनी एकेक पाय दाबला, वाकवला, बोटांच्या बेचक्यांत पाहिलं, ताप पाहिला. अर्जंट त्यांचा कान चाटतोय. मग म्हणाल्या, "हे काय बांधलंय?"

"खूण. दुखरा पाय चटकन सापडावा म्हणून."

"काल सकाळी कुठे होती?"

"मागच्या डाव्याला."

"आणि दुपारी?"

"पुढच्या उजव्याला. म्हणजे पाय बदलला तशी..."

"आजोबा, पाय बदलला म्हणून फीत बदललीत, की फीत बदललीत म्हणून पाय बदलला?"

अहो, आमच्या साहेबांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले, पण असा प्रश्न... मी हिच्याकडे पाहिलं. ही छताकडे बघत होती. बाईंनी गाठ कात्रीनं कापली, सुटणारी नव्हतीच ती, आणि अर्जंटला खाली ठेवलं. सुटला की हो! टेबलाखालून, स्टुलावरून, बाहेरच्या बाकावर बसलेल्या एका आजींच्या मांडीवरून, त्यांच्या मांजरासकट... चौखूर!

"पिल्लाच्या पायाला काहीही बांधा, ते असंच चालतं," बाई म्हणाल्या. "पहिल्या संध्याकाळी लशीनं खरंच दुखलं असेल, किंवा झोपेत पाय अवघडला असेल. तो पाय कोणता, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही."

झालं ना? निघावं की नाही? पण हिनं काय करावं! कापलेली फीत उचलली, "ये रे बाळा" म्हणून अर्जंटला जवळ घेतलं आणि मागच्या उजव्याला बांधली. त्यानं लगेच तो पाय उचलला आणि लंगडत माझ्याकडे आला! सगळा बाक हसला. पोपटवाला हसला, पोपट हसला. ही म्हणाली, "घ्या, तोही गेला."

फीत सोडल्याबरोबर अर्जंट उघड्या दारातून बाहेर, त्याच्या मागे मी, पायरी दिसली नाही... आणि आता हा असा बसलोय. गुडघा सुजलाय. मास्तर येऊन "चालवा" म्हणून गेले. मघाशी कण्हत कण्हत पाणी प्यायला उठलो, आणि तुम्हाला सांगतो, सोफ्याखालून अर्जंट उठला! मी लंगडत पुढे, तो चार धड पायांवर मागे. म्हटलं, जाऊ दे, पाय गेला तर गेला.

आता ही केव्हापासून दारात उभी राहून विचारतेय, "अहो, कोणता पाय?"

मी नाही सांगत. तिच्या हातात फीत आहे.