पाहणीचं रान

अवं बसा, बसा पाव्हणं, उठू नका — चप्पल काढलीया न्हवं, मग आता चहा घेतल्याबिगर घालायची न्हाय. चूक झाली. माझीच झाली. पन अर्धी तुमच्या गाडीची बी हाय, खरं सांगतो! पांढरी गाडी, पांढरा शर्ट, डोळ्याला काळा चष्मा, आन् गाडी थांबली कुठं? — बरोब्बर त्या बाभळीखाली. सोयरिकीला येणारा माणूस घराफुडं थांबतो वो, रानात कशाला थांबंल? त्या बाभळीखाली आजपातूर फकस्त दुष्काळाच्या पाहणीचं पथक थांबलंय. आज येणार म्हणून सांगावा बी व्हता. त्यात तुमी उतरल्या उतरल्या इचारलं, "पाण्याचं कसं काय?" — झालं! साहेब लोकं बी हेच इचारत्यात, ह्याच आवाजात. म्या सुरू झालो.

सांगतो, सगळं सांगतो. आमचं रान हाय मोठ्या रस्त्याला चिकटून. नळदुर्गवरनं निघालेल्या साहेबाला लांब चालाय लागत न्हाय, गाडी वळवाय जागा हाय, सावली हाय, आन् जमीन म्हणाल तर वर बोटभर माती, खाली सगळा काळा पाषाण — कुसळाशिवाय काय येत न्हाय. असलं सोयीचं रान पंचक्रोशीत सापडायचं न्हाय! म्हणून दुष्काळ पडला की पथकाला आमच्याकडंच आणत्यात. गावानं नावच पाडलंय, पाहणीचं रान. आन् म्या रेवणसिद्ध, तिथला पुजारी. देवळाचं पुजारीपण वडलांकडनं येतं, दुष्काळाचं मला रस्त्याकडनं आलं.

बलभीमाचं पंक्चरचं दुकान हाय फाट्यावर. गाडी वळली की तो फोन करतो. फोन आला की म्या हा फाटका शर्ट घालतो — हसू नका, येगळा ठेवलाय ह्यो, आमची मंडळी, उत्कर्षची आई, धुऊन घडी करून ठेवती, इस्त्री तेवढी करत न्हाय. मग ती रिकामी घागर घेऊन बांधावरनं हळूहळू येती. म्या ढेकूळ उचलायचं, मुठीत चुरायचं, वाऱ्यावर सोडायचं आन् आभाळाकडं बघायचं. पेपरात बघितला असंल की फोटो — व्हय व्हय, तोच, कपाळाला हात लावलेला! लोकं म्हंत्यात, काय ती नजर, काय ती वेदना. अवं कसली वेदना, वरनं विमान चाललं व्हतं, त्ये बघत व्हतो. पन फोटो असा चालला म्हंता, दुसऱ्या जिल्ह्यात दुष्काळ पडला तरी तोंड माझंच छापत्यात.

तर तुमच्याफुडं बी सगळं केलं. ढेकूळ चुरलं — माती तुमच्या तोंडावर गेली, माफी असावी. जनावरं इकली म्हणलो. पोरगं कटाळून पुण्याला पळालं म्हणलो. आन् शेवटाला ते ठेवणीतलं, ज्यानं भल्याभल्या साहेबाचं पेन थांबतं — "साहेब, पाण्यापायी आमच्या गावाला कोण पोरगी देत न्हाय!" तवा तुमी चष्मा काढला आन् म्हणला, "म्या गुरुसिद्धप्पा. राजेश्वरीचा बाप. पोरगी द्यायचं बघायलाच आलतो." दुसरा कुणी असता तर म्हणला असता, धरणीमाये, पोटात घे. पन आमची धरणी! खाली पाषाण, ती बी घ्यायला तयार न्हाय.

घ्या, चहा घ्या. दूध घरचं हाय. व्हय, जनावरं इकली म्हणलो — कुठं इकली? मागं गोठ्यात गाया हाईत, जाताना बघा. उत्कर्ष सकाळीच दूध घालाय नळदुर्गला गेलाय. पुण्याला गेला व्हता त्ये खरं, पन परत आलाय. कशाला आला? — म्या बी तेच इचारलं व्हतं. म्हणला, आप्पा, तिथं बी टँकरचंच पाणी, मग आपल्या गावचं काय वाईट.

आन् आमचा मुलूख काय मागं न्हाय बरं का. सरकारदरबारी आमचा जिल्हा आकांक्षित हाय. मागास म्हणायचं न्हाय आता, आकांक्षित! पोराच्या लग्नापायी म्या बी लई आकांक्षित झालोय. डोंगरावर पवनचक्क्या फिरत्यात, शेळी तर आमची अशी की तिच्या नावानं जिल्हा वळखत्यात — माणसानं काय नाव काढलं न्हाय, शेळीनं काढलं. आन् विकास? विकास आमी रोज बघतो! हितं दारात बसून बघतो, सोलापूरवरनं येतो आन् हैदराबादला जातो. थांबत तेवढा न्हाय. नद्या बी तसल्याच. तेरणा घ्या, जन्म आमच्या जिल्ह्यात, नांदायला खाली. पावसाळ्यात माहेरपणाला आल्यावानी येती आन् चार दिसात निघून जाती. कृष्णेचं पाणी येणार म्हणून आमचे वडील ऐकत व्हते, म्या ऐकतोय, आता उत्कर्ष ऐकतोय. ऐकायची परंपरा हाय घरात.

काय? व्हय... पाण्याचं तेवढं सांगितलं न्हाय. इसरलो न्हाय, टाळत व्हतो.

पाणी हाय पाव्हणं. बांधाच्या पल्याड आमचा जुना आड हाय, आज्यानं खांदलेला, म्या जलमल्यापासनं कोरडा. पोरानं परत आल्यावर माळावर उताराला आडवे चर काढले, पावसाचं वाहून जाणारं पाणी आडवून त्या आडाकडं वळवलं, गाळ काढला. म्या बाभळीखाली बसून हसत व्हतो — येड्या, नद्या न्हाय थांबल्या आमच्यात, चरातलं पाणी थांबतंय व्हय! आन् एक दिस ते पोरगं ओरडत आलं. चिखलानं भरलेलं, डोळ्यात पाणी. आप्पा, लागलं! आप्पा, पाणी लागलं! आन् म्या बाप — म्या काय म्हणलो असंन?

म्या म्हणलो, झाक.

पयला शबुद तोंडातनं ह्यो. पत्रा टाकला, वर वाळक्या बाभळीच्या फांद्या टाकल्या. का? — आता का म्हणून काय सांगू. गावाला सांगितलं, पाणी दिसलं तर टँकर बंद हुईल. खोटं न्हाय त्ये. साहेब येत्यात कवा? उन्हाळ्यात घसा वाळतो तवा कुणी फिरकत न्हाय. येत्यात ह्या असल्या थंडीत, रान हिरवं असतं तवा. मग वैशाखातला दुष्काळ आमाला आधीच करून दाखवाय लागतो. दुष्काळ खरा हाय पाव्हणं, नाटक तेवढं माझं. पन... आता तुमी सोयरं व्हा न व्हा, सांगून टाकतो. पाण्याचं भ्या वाटलं मला. जिंदगीभर मला कुणी इचारलं त्ये रान वाळलं म्हणून इचारलं. साहेबानं खांद्यावर हात ठेवला, पेपरात फोटो आला, तालुक्याला गेलो की लोक वळखत्यात. पाणी आलं तर रेवणसिद्धाला कोण इचारतंय? हसा, खुशाल हसा. दुष्काळानं माणसं रडत्यात, ह्यो येडा दुष्काळ जाईल म्हणून रडतोय.

पोरगं काय हसलं न्हाय. म्हणलं, आप्पा, पुन्यांदा माझ्या पाण्यावर पत्रा टाकला तर म्या पुण्याला जाणार, परत यायचा न्हाय. ...व्हय. आज सकाळी तो गेल्यावर टाकलाय. तो यायच्या आत काढणार व्हतो.

थांबा — फोन वाजतोय. बोल बलभीमा... आँ? वळली? खरीच हाय का रं ह्या बारीला? किती गाड्या? बरं. बरं, ठेव.

आले. खरं पथक आलं. — कुठं निघाला? आड बघायचाय? आत्ता? अवं, बाभळीखालनं आड समोर दिसतो. तुमास्नी दाखवावा तर साहेब बघत्यात, साहेबापासनं लपवावा तर तुमी निघाला. जरा दम धरा की, त्ये लोक फोटो काढून जात्यात, मग सावकाश...

न्हाय धरत. बरोबर हाय. पोरगी द्यायची म्हंजी.

अगं, घागर कशाला उचललीस? ठेव ती खाली. ठेव म्हणतोय न्हवं! आन् त्यो आतला शर्ट दे, लग्नाकार्यातला — व्हय, तोच. ह्यो टाक फरशी पुसाय.

चला पाव्हणं, हिकडनं, बांधावरनं, पाय जपून टाका. वैशाखापातूर पुरंल का पाणी? — न्हाय पुरायचं, फसवत न्हाय. चैत्रात तळ गाठतं. गाया आन् घर भागतं तवर, फुडं टँकरच. तुमच्या राजेश्वरीला घागर उचलावी लागंल कवातरी. पन माझ्या पोरानं फुडच्या साली अजून चर काढायचं ठरवलंय. ह्या बारीला म्या बाभळीखाली बसणार न्हाय, खोरं धरणार हाय.

टँकरचं काय? हां... गावाच्या मागल्या अंगाला धुरपदाबाईची वस्ती हाय. तिकडं कुणाच्याच आडाला थेंब न्हाय, गावाचा टँकर आता तिकडं दाखवून मागायचा. म्हातारी अजून माळ उतरून पाणी आणती. तिला हळूहळू चालाय शिकवाय लागत न्हाय, तिचे गुडघेच गेल्यात. पन तिकडं गाडी वळत न्हाय, म्हणून कुठलं पथक तिथवर गेलंच न्हाय. माझं रान सोयीचं पडलं न्हवं सगळ्यास्नी. आज नेतो त्यास्नी चालत. फोटो तिच्या पायाचा काढा म्हणावं.

हां, ह्या फांद्या वढा बाजूला. काटा हाय, जपून. आता पत्रा तुमी त्या टोकाला धरा, म्या हिकडनं धरतो —

या साहेब, या. हिकडंच या, बाभळीखाली नगं. ह्ये माझं पाव्हणं. न्हाय, ढेकूळ न्हाय आज. आन् आज म्या काय बोलणार बी न्हाय.

उचला पाव्हणं.

वाका. बघा दोघं बी.