आधी बागेतला नळ

लिंडानी : "तू जायच्या आधी शिकते, नक्की." आठवडाभर हेच चाललंय तुझं, ताई. आता जोहान्सबर्गची गाडी येईल. बस इथे खाली, पाण्याच्या कॉकपाशी.

सिमांगेले : आवाज कमी कर. शेजारच्या मान्द्लोवूकाकू बघतायत.

लिंडानी : बघू दे. पाणी गेलेलं असताना नळ उघडा टाकून खाली बादली लावली त्यांनीच ना? म्हणे, पाणी आलं की आवाजाने कळेल. आणि स्वतः गेल्या चर्चला. मक्याच्या पिठाची गोणी तरंगत होती घरात.

सिमांगेले : अख्खं बुलावायो शहर तसंच करतं.

लिंडानी : बाबा नव्हते करत. पाणी गेलं की फाटकाजवळचा हा कॉक बंद. मगच घराबाहेर पाय.

सिमांगेले : ते बाबांचं काम होतं. ते वारल्यावर तुझं झालं. माझं कधीच नव्हतं.

लिंडानी : आजपासून आहे. दिवसभर तू बेकरीत. घरात कोण असणार?

सिमांगेले : तू थांबलास तर तू असशील.

लिंडानी : हे नको काढू आता. तिकडे जोहान्सबर्गला आई एकटी राबतेय. इथे शाळा सोडल्यापासून मी काय करतो? नाक्यावर उभा राहतो. पाणी आलंय, उघडूया. धर ते कॉकचं चाक.

सिमांगेले : धरलं. फिरवू?

लिंडानी : अगं हळू, बाई. कणीक मळतेस का? पाइप गंजलेत, पाणी एकदम सुटलं तर धक्क्याने सांधा निखळेल. आणि बागेतला नळ उघडलास का आधी?

सिमांगेले : तो कशाला?

लिंडानी : पाइपात हवा भरलेली असते, ती जायला. बाबा काय म्हणायचे? आधी म्हाताऱ्याला खोकू दे.

सिमांगेले : हो रे. आणि स्वतः खोकून दाखवायचे. आपण बादल्या घेऊन रांगेत, ते पाइपला कान लावून. आई म्हणायची, पाणी आहे का रेडिओ आहे तो?

लिंडानी : तिचा पांढरा ब्लाउज आठवतो?

सिमांगेले : पहिल्याच तांबड्या पाण्यात भिजवला होता. बाबा म्हणाले, बरं झालं, आता शोभतेस इथल्या मातीची. दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी.

लिंडानी : तिसऱ्या दिवशी तोच घालून चर्चला गेली. मुद्दाम.

(सिमांगेले बागेतला नळ उघडून येते, चाक थोडंथोडं फिरवते.)

सिमांगेले : आलं. केवढं थुंकतंय.

लिंडानी : थुंकू दे. थांब जरा. आता पुढे फिरव. गीझर बंद आहे ना?

सिमांगेले : बंद आहे. कधी लावू?

लिंडानी : गरम पाण्याच्या नळाला सलग धार लागल्यावर. रिकाम्या टाकीला वीज दिलीस तर जळेल.

सिमांगेले : बरं. चाक आता फिरत नाही पुढे.

लिंडानी : मग अर्धा फेरा मागे घे. नाहीतर पुढच्या वेळी जाम.

सिमांगेले : घेतला. पुढच्या वेळी तू कुठे असशील?

लिंडानी : हॉर्न वाजला. पिशवी दे. आईला खायला घेतलेल्या मोपानीच्या सुक्या अळ्या वर ठेवल्यास ना?

सिमांगेले : वरच आहेत. थांब, घरचं पाणी पिऊन जा.

लिंडानी : लाल आहे अजून.

सिमांगेले : होईल नितळ. जरा वाहू दे.

लिंडानी : ताई, ड्रायव्हर नाही थांबत कोणासाठी. निघतो मी.