ऊठ रे आळश्या, वाडगं भरलंय!

रेलीन: ...आणि हे पुढचं माउंट गॅम्बियरहून. बेरिल हॉस्किन्स. वाचू का?

ग्लेनिस: वाच. आज सगळंच ऐकून घेते.

रेलीन: "प्रिय ग्लेनिस, 'ऊठ रे आळश्या, वाडगं भरलंय!' हे तुमचं मेल आज सकाळी आमच्या ट्रिक्सीच्या नावाने आलं. ट्रिक्सी सहा वर्षांपासून लिंबाच्या झाडाखाली आहे. ती खरंच उठली तर आधी मला फोन करा. मला हृदयाचा त्रास आहे."

ग्लेनिस: कोस्ता.

कोस्ता: ऐकतोय.

ग्लेनिस: तू ॲडलेडहून इथे नॅराकोर्टला आलास ते कशासाठी, हे मला परत एकदा सांग. सावकाश सांग. मी म्हातारी बाई आहे.

कोस्ता: तुमच्या गिऱ्हाइकांची माहिती जुन्या मेलच्या सिस्टीममधून नव्या सिस्टीममध्ये हलवायला.

ग्लेनिस: जिवंत गिऱ्हाइकांची.

कोस्ता: तसं कुणी स्पष्ट म्हणालं नव्हतं.

रेलीन: हे बाकी खरं हं. मी तेव्हा इथेच होते. नव्हतीस म्हणाली तू.

ग्लेनिस: रेलीन, तू माझ्याकडे कामाला आहेस की त्याच्याकडे? हे बघ पोरा, आठ हजार गिऱ्हाइकं आहेत माझी. कुत्र्यांच्या खाण्याचा धंदा आहे, वसंताची सवलत वर्षातून एकदा निघते, ती आठ हजारांना जायची होती. गेली किती जणांना?

कोस्ता: तीनशेच्या आसपास.

ग्लेनिस: आणि त्यातली मेलेली कुत्री किती?

कोस्ता: ...सगळी.

रेलीन: सगळी नाही! पेनोलाची एक जिवंत आहे. पुडिंग नावाची. एकोणीस वर्षांची, आंधळी, बहिरी, तोंडात दात नाही. मालकिणीने मेल मोठ्याने वाचून दाखवलं तर तिने शेपटी हलवली म्हणे.

कोस्ता: बहिरी आहे ना ती?

रेलीन: म्हणून तर मालकीण एवढी खूश आहे.

ग्लेनिस: मॉसीसुद्धा मेंढ्या मोजताना मेलेली मोजत नाही. आणि तो काही विद्यापीठात गेलेला नाही.

कोस्ता: मॉसी कोण?

रेलीन: अरे, पोत्यावर फोटो आहे ना, तो केल्पी, मेंढ्या राखणारा कुत्रा. त्याच्या नावावरूनच तर कंपनीचं नाव. तू आठवडाभर त्याच्याच तोंडावर बसून डबा खातोयस.

कोस्ता: मला समजावून तरी सांगू द्या. नव्या सिस्टीममध्ये एक नियम आहे. अठराच्या आतल्या कुणालाही जाहिरात पाठवायची नाही. लहान मुलांच्या भल्यासाठी. तो मला बंद करता येत नाही, त्यांनीच कुलूप लावून ठेवलंय. आता तुमची आठ हजार माणसं आत आली. वयं काय? चार वर्षं. सात वर्षं. पाच महिने. तिने सगळ्यांना पोरं समजून बाजूला बसवलं.

ग्लेनिस: आणि अठराच्या वरचे कोण?

कोस्ता: अठराच्या वर कुत्रं जगत नाही, ग्लेनिस.

रेलीन: पुडिंग सोडून.

कोस्ता: पुडिंग सोडून. पण गिऱ्हाईक म्हणून कुत्र्याचं नाव कोण घालतं? नावाच्या जागी 'ट्रिक्सी', आडनावाच्या जागी 'बेरिल हॉस्किन्स', जन्मतारखेच्या जागी कुत्रीची जन्मतारीख!

ग्लेनिस: मी घालते. वीस वर्षं घालतेय. जत्रेत टेबल लावून विकायचे तेव्हापासून. मला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, कुत्र्यांची राहतात. आणि लोक माझ्याकडून खाणं का घेतात? सुपरमार्केटात स्वस्त मिळतं. पण सुपरमार्केट त्यांच्या ट्रिक्सीला ट्रिक्सी म्हणत नाही. तेवढंच आहे माझ्याकडे. बाकी खाण्यात मटण आणि बार्ली, ते कुणीही भरेल.

रेलीन: पण राजा, तुला काहीच शंका आली नाही? यादीत 'प्रिन्सेस' आहे, 'सार्जंट' आहे, 'बटाटा' आहे.

कोस्ता: मला वाटलं, खेड्यातली नावं असतील.

रेलीन: 'हरामखोर' नावाचे तिघे आहेत!

कोस्ता: मला वाटलं, फारच खेड्यातली असतील.

ग्लेनिस: म्हणजे ॲडलेडमध्ये बसून आमच्याबद्दल हेच मत आहे तर. उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि शेळ्यांची तोंडंसुद्धा बघायची नाहीत.

कोस्ता: मी तोंडं बघत नाही, रकाने बघतो. आकड्याच्या जागी आकडा बसला, तारखेच्या जागी तारीख बसली, की मी खूश. आणि माझी आजी तिच्या बोकडाला बिशप म्हणायची, मला नावांचं काही वाटत नाही.

रेलीन: म्हणतात ना, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. इथे आंधळ्याने दळलं आणि कुत्र्यालाही काही मिळालं नाही. थांबा, फोन. हॅलो, मॉसीज... हो... हो, मिस्टर पोल्नर... नाही नाही, स्वर्गात डिलिव्हरी नाही हो आमची... माउंट गॅम्बियरपर्यंतच... हो. मी सांगते तिला.

ग्लेनिस: चिडलाय?

रेलीन: आधी चिडला. मग त्याचा रेक्स किती हुशार होता ते सांगायला लागला. गेट उघडायचा म्हणे, आणि परत लावायचा. मेल्या म्हशीला मणभर दूध! मला आठवतोय तो रेक्स. पोस्टमनच्या पँटचा अर्धा भाग खाल्ला होता त्याने.

ग्लेनिस: मग शेवटी काय म्हणाला?

रेलीन: नाक ओढलं, आणि ठेवला.

ग्लेनिस: हे बघ. हे असं होतंय सकाळपासून. कुणी हसतंय, कुणी शिव्या घालतंय, पण ठेवताना सगळे नाक ओढतायत. मी मेलेल्यांना मेल जाऊ नये म्हणून जुन्या सिस्टीममध्ये एकेकापुढे खूण केली होती रे. कुत्रं गेल्याचा फोन आला की मी पहिल्यांदा ती खूण करायचे, मग फुलं पाठवायचे. त्या खुणा कुठे गेल्या?

कोस्ता: त्या जुन्या सिस्टीममध्येच राहिल्या. नावं एका पेटाऱ्यात असतात, 'यांना पाठवू नका' ही खूण दुसऱ्या पेटाऱ्यात. मी नावं आधी हलवली. खुणा आज दुपारी हलवणार होतो.

ग्लेनिस: आणि मेल सकाळी गेलं.

कोस्ता: ते आपोआप जातं. मी ते बंद ठेवायला हवं होतं. खुणा आधी हलवायला हव्या होत्या, नावं नंतर. हे या धंद्यातलं पोरसुद्धा सांगेल. चूक माझी आहे, ग्लेनिस. सिस्टीमची नाही, तुमच्या नावांचीही नाही.

रेलीन: अगंबाई. कबूल केलं. हा लॅमिंग्टन केक खा, राजा. सकाळपासून उपाशी आहेस.

ग्लेनिस: त्याला लॅमिंग्टन देऊ नकोस, अजून काम व्हायचंय. जुनी सिस्टीम कधी बंद होणार?

कोस्ता: आज पाचला. त्यानंतर तिथलं काहीच उघडणार नाही. तोवर खुणा आणल्या नाहीत, तर पुढच्या महिन्यात हीच तीनशे कुत्री परत जेवायला उठतील.

ग्लेनिस: आणि माझी राहिलेली अब्रू कायमची झोपेल. आण मग.

कोस्ता: आणल्यात. तुम्ही शिव्या घालत होतात तेव्हा हात रिकामे होते माझे. जिवंत कुत्र्यांच्या तारखाही मी वेगळ्या रकान्यात हलवल्या, 'कुत्र्याचा वाढदिवस' म्हणून. वयच माहीत नसलं की ही सिस्टीम कुणाला अडवत नाही. उद्या सकाळी सवलत आठ हजारांना जाईल, नावानिशी. ट्रिक्सीला ट्रिक्सी... म्हणजे, ट्रिक्सीला नाही.

ग्लेनिस: ट्रिक्सीला नाही.

कोस्ता: आज ज्यांना गेलं त्यांच्यासाठी माफीचं मेल मी लिहून ठेवलंय. "तांत्रिक अडचणीमुळे आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर..."

ग्लेनिस: खोड ते.

कोस्ता: सगळं?

ग्लेनिस: सगळं. कुत्रं मेलं ती गैरसोय असते का रे? लिही. "बेरिल, आज सकाळी आम्ही ट्रिक्सीला हाक मारली. ती चूक होती. ती कुठे आहे ते आम्हाला माहीत आहे. आम्ही तिला विसरलो नव्हतो, आमची मशीन विसरली. तुमची, ग्लेनिस." बस. ते नाव तेवढं प्रत्येकाचं घाल. आणि इथे तरी माणसाचं नाव आधी घाल, कुत्र्याचं नंतर.

रेलीन: ग्लेनिस, मला रडवू नकोस, मला फोन घ्यायचेत. हा बघ, परत वाजला. मी बाहेरचा घेते.

कोस्ता: आता एकच राहिलं. जुन्या सिस्टीममध्ये नुसती खूण होती, 'थांबवा' म्हणून. नवी सिस्टीम थांबवण्याचं कारण विचारते. कारण दिल्याशिवाय खूण घेतच नाही. बाकी सगळ्यांना मी 'मृत' लावून टाकलं. पण सगळ्यात वरची नोंद तुमची आहे. तिला तुम्हाला न विचारता हात लावला नाही.

ग्लेनिस: कुठली?

कोस्ता: नाव मॉसी. आडनाव ग्लेनिस ट्रँटर. त्याच्यापुढेही खूण होती. मला कळलंच नाही. मघाशी तुम्ही म्हणालात, तो मेलेल्या मेंढ्या मोजत नाही. मला वाटलं, शेतावर असेल.

ग्लेनिस: शेतावरच आहे. कुंपणापाशी. चार वर्षं झाली.

कोस्ता: म्हणजे ते मेल आज तुम्हालाही आलं.

ग्लेनिस: सहा वाजता आलं. चहाचा कप हातात होता. 'ऊठ रे आळश्या, वाडगं भरलंय.' ते वाक्य माझंच आहे. मेलसाठी नव्हतं सुचलेलं, रोज सकाळी त्याला म्हणायचे मी. पंधरा वर्षं. आणि काय सांगू तुला, ते वाचलं आणि मी दाराकडे बघितलं. साठी उलटलेली बाई मी, दाराकडे बघत उभी. म्हणून तुला एवढं बोलले. तीनशे घरांत काय झालं असेल ते मला सहा वाजताच कळलं होतं.

कोस्ता: सॉरी, ग्लेनिस.

ग्लेनिस: असू दे. कारणं काय काय आहेत त्या यादीत?

कोस्ता: तीन आहेत. पहिलं, 'स्वतःच नको म्हणाले'.

ग्लेनिस: जेवणाला? मॉसी? जन्मात कधी नको म्हणाला नाही तो. मेंढीच्या लेंड्यासुद्धा सोडायचा नाही.

कोस्ता: दुसरं, 'तक्रार केली'.

ग्लेनिस: ती तर कधीच नाही केली. शेवटी पाय उचलत नव्हते, तरी यूटच्या मागच्या हौद्यात चढायला बघायचा.

कोस्ता: मग तिसरं राहतं.

ग्लेनिस: ते नको.

कोस्ता: ग्लेनिस, पाचला दहा कमी आहेत. खूण नाही लावली तर पुढच्या महिन्यात तुम्हाला परत...

ग्लेनिस: कळतं रे मला. मेल नको आहे मला. पण त्या रकान्यात त्याला मी घालणार नाही. बाकीच्यांच्या मालकांनी फोन करून सांगितलं, ते मी लिहिलं. याचा फोन मी कुणाला केला नाही.

कोस्ता: मग काय करू सांगा.

ग्लेनिस: तो तुझा नियम काय होता? अठराच्या आतल्यांचं काय करते ती?

कोस्ता: पोरं समजून बाजूला बसवते. मेल पाठवत नाही.

ग्लेनिस: आणि कारण?

कोस्ता: कारण विचारत नाही.

ग्लेनिस: मग त्याची तारीख आहे त्याच रकान्यात राहू दे, फक्त वर्ष बदल. अठराच्या आतला कर त्याला.

कोस्ता: चालेल. दोन वर्षांचाच करतो, म्हणजे सोळा वर्षं बघायला नको.

ग्लेनिस: दोन वर्षांचा तो होऊन गेलाय. माझे बूट खाऊन झालेत. सतरा कर. सतरा नाही झाला तो.

कोस्ता: सतरा केला तर पुढच्या वर्षी अठराचा होईल. परत मेल येईल तुम्हाला.

ग्लेनिस: मग पुढच्या वर्षी परत सतरा करू.