तार कुणाची आहे?

फरीदाबादच्या वीज कार्यालयात रांगेत उभ्या असलेल्या विनयाला मागून मराठी ऐकू आलं. एक तरुणी वडिलांशी वाद घालत होती.

“समता, सरांना सॉरी म्हण आणि रंगकाम सुरू कर.”

“नाही बाबा. भिंतीजवळची तार विजेची की टेलिफोनची, हे कळल्याशिवाय माझी माणसं शिडी लावणार नाहीत.”

“सर म्हणतात ना, टेलिफोनची आहे!”

“कशावरून?”

“काळी आहे म्हणे.”

“काळी तर विजेचीही असते. लाइनमन येऊन बघेल, मगच काम.”

“नोकरी जाईल, बेटा.”

“जाऊ दे.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

“जी सर. नहीं सर, बिल्कुल नहीं. आप खुद आकर तार को हाथ लगाइए, फिर मैं काम शुरू करवाती हूँ.”

“काय म्हणाले?”

“काही नाही. फोन ठेवला.”

विनया बाजूला झाली. “तुम्ही आधी जा.”

खिडकीतला माणूस म्हणाला, “लाइनमन बाहर गया है. कल आइए.”

समता बोलणार, तोच वडील पुढे सरले.

“आज ही भेजिए, भाईसाहब. मेरी बेटी ने काम रोका है. हम यहीं बैठे हैं.”

आणि ते समोरच्या बाकावर जाऊन बसले.